लाव्हाखाली दडलेला भूगोल. खडकांच्या ऑनलाइन नोंदींतून उलगडा

सोलापूर : भिंत काळ्या पाषाणाची आणि जमीन शहाबादी फरशीची, हे सोलापूरकरांच्या नित्य परिचयाचे दृश्य. मात्र या दोन दगडांच्या वयात कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. कलबुर्गीपलीकडील शहाबादची फरशी म्हणजे डायनासोरच्याही फार पूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक. तो समुद्र उत्तरेकडे कोठवर पसरला होता, याचे उत्तर लाव्हाखाली गाडले गेले आहे. असा प्राचीन भूगोल रेखाटण्यासाठी आता जगभर खडकांचे ऑनलाइन माहितीकोश उभारले जात आहेत.

नोंद कशाची?

नकाशावर वेगळे दाखवता येतील अशा, समान गुणधर्मांच्या थरांना भूशास्त्रज्ञ 'शैलसमूह' मानून नाव देतात. ते बहुधा एखाद्या गावाचे असते. फरशीचा खडक 'शहाबाद शैलसमूह' म्हणूनच ओळखला जातो. माहितीकोशात प्रत्येक शैलसमूहाचे ठिकाण, खडकाचा प्रकार, जाडी, वय, जीवाश्म आणि वरखालचे थर नोंदवले जातात. कोळसा दलदलीची खूण देतो, तर गोलसर गोट्यांचा थर वाहत्या पाण्याची. एक काळ निवडला, की त्या काळातील सर्व खडक एकत्र पाहता येतात आणि समुद्र, नद्या व डोंगर यांचा नकाशा आकार घेऊ लागतो.

किल्लारीचे विवर

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी येथे ६१७ मीटर खोल विंधन विवर घेतले. त्यात ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली ८ मीटर गाळाचे खडक आणि मग थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन पायाभूत खडक लागला. शहाबादी चुनखडकाचा जाड थर तेथे मिळाला नाही. म्हणजे तो समुद्र तेथवर पोचला नसावा, किंवा त्याचा गाळ लाव्हा येण्यापूर्वीच झिजून गेला असावा. कोयना परिसरात गोठणे येथील विवरात मात्र बेसाल्टची जाडी १२४७ मीटर भरली. केवळ जाडीवरून जुन्या भूपृष्ठाचा उतार ठरत नाही. विवराच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही हवी. म्हणूनच काय सापडले याइतकीच काय सापडले नाही आणि कोणत्या उंचीवर, ही नोंद मोलाची ठरते.

एक खडक, दोन नावे

खरी अडचण नावांची आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सह्याद्रीतील लाव्हाथरांची विभागणी प्रत्यक्ष दिसणाऱ्या लक्षणांवरून करून इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट अशी नावे दिली. रासायनिक घटकांवरून विभागणी करणाऱ्या संशोधकांनी खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी अशी नावे रूढ केली. दोन्हींच्या सीमा सर्वत्र जुळत नाहीत. याद्या डोळे झाकून एकत्र केल्यास एकच थर दोनदा मोजला जाईल. त्यामुळे नाव कोणी, कधी आणि कोणत्या निकषावर दिले, हेही कोशात नोंदवावे लागते.

सोलापूर तेव्हा कोठे होते?

लाव्हा थिजताना त्यातील लोहखनिजे पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा टिपून ठेवतात. दख्खनच्या बेसाल्टवर १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून हा भूभाग तेव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस असल्याचे सूचित झाले. 'जीप्लेट्स' ही संगणक प्रणाली अशा पुराव्यांच्या आधारे आजचे ठिकाण त्या काळच्या जागी नेऊन दाखवते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे जेम्स ऑग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भूपट्टासह अनेक प्रदेशांच्या शैलसमूहांचे कोश अशा नकाशांशी जोडण्याचे काम केले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे पाहता येतात. तथापि नकाशा प्रामुख्याने पृष्ठभागावरील खडक दाखवतो. लाव्हाखालचा भूगोल खोल विवरांतूनच कळतो. किल्लारी ते शहाबाद या पट्ट्यातील अशा प्रत्येक विवराची नोंद अचूक ठिकाण व उंचीसह कोशात आली, तरच सोलापूरच्या पायाखाली तो समुद्र होता की नव्हता, हे ठरवता येईल.