आकाशगंगेचा महाल: मधल्या फुगवट्यात आहे तरी काय?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आधी नकाशा डोक्यात बसवू. समजा, आकाशगंगेचं केंद्र म्हणजे आपला झिरो माइल. मग आपला सूर्य कुठे? साधारण वर्ध्याला. खरं अंतर सुमारे 26,700 प्रकाशवर्षं. ताऱ्यांची चपटी चकती पसरते पार अमरावतीच्या आसपास. आणि मधला फुगवटा? तो झिरो माइलपासून मिहानच्या थोडं पुढेपर्यंत. म्हणजे जागा कमी, पण गर्दी बघा: एवढ्यातच जवळपास दोन हजार कोटी सूर्यांइतकं वस्तुमान.

नागपुरात जुनी वस्ती म्हणजे महाल, तसंच इथेही आहे. फुगवट्यातले बहुतेक तारे सुमारे 1000 कोटी वर्षांचे. आपला सूर्य 460 कोटींचा, म्हणजे त्यांच्यापुढे पोरगाच. नवे तारे जास्त करून बाहेरच्या चकतीत जन्मतात.

आता अडचण अशी, की हा महाल आपल्याला नीट दिसतच नाही. मध्ये धूळ आहे. केंद्राकडून निघालेल्या लाख कोटी दृश्य प्रकाशकणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत येतो. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? वॉल्टर बाडे यांनी 1940 च्या दशकात धूळ विरळ असलेली एक फट शोधली आणि तिथून फुगवट्यातले तारे पाहिले. आजही तिला बाडेची खिडकी म्हणतात.

दुसरी युक्ती: लहर लांब घ्या. इन्फ्रारेडला धूळ कमी अडवते, रेडिओला तर जवळपास नाहीच. आपल्याच महाराष्ट्रात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, पसरलेल्या 25 किलोमीटरवर. सुभाषिश रॉय आणि प्रमेश राव यांनी तिथून 610 मेगाहर्ट्झवर केंद्रातला सॅजिटेरियस ए स्टार टिपला. ही लहर असते अर्ध्या मीटरची, धुळीचे बारीक कण तिला काय अडवणार! सॅजिटेरियस ए स्टार म्हणजे सुमारे 43 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर. पण फुगवट्यापुढे ते चिल्लर आहे, बरं का.

आणि फुगवटा लाडवासारखा गोलही नाही. एका जातीचे लाल तारे जवळपास सारख्याच तेजाचे असतात, त्यामुळे मंद दिसला तो लांबचा. 2010 मध्ये त्यांच्या तेजाचा हिस्टोग्राम काढला, तर काही दिशांना एकाऐवजी दोन टेकड्या आल्या. म्हणजे तारे दोन वेगळ्या अंतरांवर. त्यातून आकार निघाला भुईमुगाच्या शेंगेसारखा, बाजूने पाहिला तर एक्स. कारण मध्ये ताऱ्यांचा लांबट दांडा आहे. तो फिरताना ताऱ्यांच्या कक्षा वर-खाली वाकतात आणि मधला भाग फुगतो.

पाहायचं कसं? धनु रास आणि वृश्चिकेची शेपटी यांच्या मधली दिशा पकडा. मेच्या सुरुवातीला पहाटे तीन-साडेतीनला केंद्र दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर असतं. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला. चंद्र नको.

शहरातून मात्र नाही दिसणार. इथे धूळ नाही, आपलेच दिवे आड येतात. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. गावं अंधारात बुडाली नाहीत, फक्त उजेड जिथे हवा तिथे पडू लागला.

आकाशातली धूळ आपल्या हातात नाही. गच्चीवरचा फोकस आहे. आज रात्री बघा, तो रस्त्यावर पडतोय की वर आभाळात जातोय. वर जात असेल तर वाकवा खाली. पुढच्या भागात भेटू!