जीपमधलं गाणं आणि तो जळका वास

मैत्रिणींनो, मथळ्यात ‘जीप’ वाचून पान उलटू नका हं! गाडीतला टेप म्हणजे पुरुषांचा प्रांत, आपण फक्त गाणी ऐकायची, असं मीही अगदी परवापरवापर्यंत समजत होते. पण त्या टेपपायी एकदा असा प्रसंग गुदरला, की मला त्यात लक्ष घालावंच लागलं. आणि मग लक्षात आलं, की मिक्सर, इस्त्री नि कुकर सांभाळणाऱ्या बाईला न कळण्यासारखं त्यात काहीच नाही.

आमच्याकडे कापडी हूडची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. आम्ही राहतो चिपळूणला आणि शेत आहे घाटावर, पाटण तालुक्यात. शेतापाशी रस्ता संपतो नि दगड, चिखल, ओढा सुरू होतो. तिथे साध्या मोटारीचं काम नाही. ह्या गाडीत मूळचा टेप नव्हताच. 2022 च्या दिवाळीत ह्यांनी हौसेनं नवा डेक, चार स्पीकर नि सीटखाली बसणारा एक ॲम्प्लिफायर बसवून घेतला. मुलं खूश, सासूबाईंना भजनं ऐकायला मिळणार म्हणून त्याही खूश.

पुढच्याच आठवड्यात शेतावरून परतताना कुंभार्ली घाट उतरत होतो. धाकटी मांडीवर, सासूबाई नि थोरला मागे. मला कसलासा वास आला. मिक्सरची मोटर तापली की येतो ना, तसा. हे म्हणाले, “अगं, उतार आहे, ब्रेकचा असेल.” मी म्हटलं, “ब्रेकचा वास माझ्या पायाशी कसा येईल?” तेवढ्यात डॅशबोर्डखालून धुराची रेघ निघाली. गाडी कडेला घेतली, आधी सगळ्यांना खाली उतरवलं. ह्यांनी बॉनेट उघडून पान्यानं बॅटरीची निगेटिव्हकडची वायर सैल करून काढली, तेव्हा कुठे धूर थांबला. कोणाला इजा झाली नाही, पण माझे हातपाय बराच वेळ थरथरत होते.

घडलं काय?

गावातल्या एका जाणत्या वायरमननं डॅशबोर्ड उघडून दाखवलं. ॲम्प्लिफायरसाठी बॅटरीवरून थेट एक जाड वायर आत आणली होती. इंजिन आणि आपण बसतो ती जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याला भोक पाडून ती ओढली होती. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट नव्हतं. दगडधोंड्यांतून गाडी हादरत गेली, पत्र्याच्या धारेनं वायरचं वेष्टण कापलं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीचं दुसरं टोकच! झालं, शॉर्ट सर्किट.

आणि खरा गुन्हा पुढेच आहे. त्या वायरवर फ्यूज नव्हता! कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो ना? शिटी तुंबली तर तो वितळतो आणि कुकर फुटायचा वाचतो. फ्यूज म्हणजे तोच. वाजवीपेक्षा जास्त करंट गेला की आधी तो वितळतो, वायर वाचते. तो असता तर टेप बंद पडला असता, इतकंच.

बसवणाऱ्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, “वहिनी, खराब रस्त्यावर गाडी नेली की असं व्हायचंच.” अहो, जीप घेतात कशासाठी मग? त्या दिवसापासून मी ठरवलं, यातलं आपल्याला कळलंच पाहिजे.

सुधारणा करायची तर क्रमानं

पहिला खर्च वायरिंगचा. बॅटरीवरून येणाऱ्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं. जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी मारलेले चालायचे नाहीत. हादऱ्यांनी ते सुटतात. डाग दिलेले किंवा पकडीनं दाबून बसवलेले टर्मिनल हवेत. वायर अस्सल तांब्याची घ्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलीही मिळते. ब्लेडनं तार खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली की समजावं, नुसतं सोंग आहे! गाडी नवी असेल तर मूळच्या वायरी कापू देऊ नका, वॉरंटीवरून वाद होऊ शकतो. मूळच्या सॉकेटात बसणारा कपलर मिळतो, तो लावायला सांगा.

दुसरा खर्च स्पीकरचा. उघड्या गाडीत धूळ, दमट हवा आणि पावसाचे शिंतोडे यायचेच. कागदी कोनाचे स्पीकर इथे टिकत नाहीत. प्लॅस्टिकचा कोन आणि कडेला रबर असलेले, बोटींसाठी बनवतात त्या जातीचे घ्या. खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी 65 म्हणजे धूळ आत शिरत नाही नि पाण्याचा फवाराही सोसतो.

वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. डेकवर ‘50 वॅट गुणिले 4’, म्हणजे 200 वॅट, असं ठळक छापलेलं असतं. आता हिशेब करा. मागे फ्यूज जर 10 अँपिअरचा असेल, तर 12 व्होल्ट गुणिले 10 म्हणजे फार तर 120 वॅट त्यात जाणार. मग 200 बाहेर कसे येतील? 50 हा क्षणभराचा आकडा. कायम मिळणारा आकडा ‘आरएमएस’ नावानं लिहितात आणि तो दर स्पीकरला साधारण 15 ते 20 वॅट असतो. तोच विचारायचा.

ॲम्प्लिफायर आणि धडधडणारा सबवूफर सगळ्यांत शेवटी, गरज वाटली तरच. कापडी हूडमधून आवाज बाहेर निसटतो, वर वारा नि इंजिनाची घरघर. म्हणून बास वाढवण्यापेक्षा स्पीकर कानाजवळ, डॅशबोर्डात किंवा डोक्यावरच्या आडव्या नळीवर बसवलेले बरे. आणि घाटात मागच्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, एवढाच आवाज ठेवायचा.

टेप रुसला तर

*अजिबात लागत नाही.* डेकच्या मागचा आणि गाडीच्या फ्यूजपेटीतला फ्यूज पाहा. आतली तार तुटलेली दिसते. तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही उडाला तर मोठा घालू नका, तार गुंडाळू नका. कुठेतरी वायर टेकते आहे.

*रोज सकाळी घड्याळ नि स्टेशनं विसरतो.* पिवळी वायर कायम चालू असलेल्या करंटवर हवी, लाल वायर किल्लीवर. दोन्हींची अदलाबदल झालेली असणार.

*बॅटरी उतरते.* लाल वायरही कायमच्या करंटवर जोडली, किंवा ॲम्प्लिफायरला जागं करणारी बारीक वायर तशी जोडली, की गाडी बंद असतानाही करंट जात राहतो. साधं मीटर घरात असावं. गाडी रात्रभर उभी असता भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतात, 12.2 म्हणजे निम्मीअर्धी उतरली. इंजिन चालू असता 13.8 ते 14.4 हवेत.

*ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात ‘कुंईं’ आवाज चढतो.* बहुधा अर्थिंग कच्चं. वायर रंगावर आवळलेली असते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवायला सांगा. डेककडून ॲम्प्लिफायरकडे जाणारी वायर आणि बॅटरीची जाड वायर एकत्र बांधू नयेत. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यावी.

*खड्ड्यात एक स्पीकर मुका होतो, मग बोलतो.* जोड सैल आहे. स्पीकर जिवंत आहे का हे पाहायचं तर डेकपासून त्याच्या दोन्ही वायरी सोडवा आणि दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. ‘खट्’ असा आवाज आला तर स्पीकर ठीक. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर पत्र्याला जोडायची रीत होती. नव्या डेकला तसं केलं तर डेक बिघडतो.

*चारही स्पीकर वाजतात, पण आवाज पोकळ.* एकाची अधिक-उणे टोकं उलटी जोडलेली असतील.

*रेडिओत खरखर.* डोंगराआड एफएम पोचत नाही, तिथे इलाज नाही. पण मोकळ्या मैदानातही खरखर असेल तर वेगळे बसवलेले एलईडी दिवे बंद करून पाहा. पुष्कळदा तेच चोर निघतात!

*तासाभरानं गाणं आपोआप थांबतं.* सीटखालच्या ॲम्प्लिफायरवर आपणच पिशव्या नि सतरंजी कोंबतो. तापला की तो स्वतःला बंद करतो. वारा लागू द्या. ओढ्याचं पाणी आत आलं असेल तर मात्र पूर्ण सुकून तपासल्याशिवाय चालू करू नका.

दुकानात जाल तेव्हा

पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर? किती अँपिअरचा? पत्र्यातून वायर कुठून नेली नि ग्रोमेट लावलं का? अर्थ कुठे दिला? वायर तांब्याची का? पैसे देण्याआधी बॉनेट उघडून फ्यूज डोळ्यांनी पाहा. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढतो का, तेही पाहा. पाना चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी उडत नाही.

आम्ही सगळं वायरिंग नव्यानं करून घेतलं. वायरमन काम करत होता आणि मी शेजारी स्टूल टाकून बसले होते. आता गाडीच्या कप्प्यात तीन जादा फ्यूज, टॉर्च, पाना आणि छोटं मीटर कायम असतं. सासूबाई भजनं ऐकत घाट उतरतात. आणि हो, गाडीत कसला वास आला, की हे आता आधी मला विचारतात!