धानाची रोवणी आणि कंबरदुखी : घरगुती उपाययोजना

वडसा (देसाईगंज) परिसरात धान हे प्रमुख पीक होय. रोवणीच्या हंगामात स्त्रिया चिखलात दिवसभर वाकून काम करतात. परिणामी कंबरेच्या स्नायूंवर ताण पडून वेदना उद्भवतात. अशा वेळी अंथरूण धरणे हितावह मानले जाते. परंतु त्याने मजुरी बुडते आणि स्नायूही दुर्बल होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली असून कंबरपट्टा सरसकट वापरू नये, असे सुचविले आहे. म्हणून सोसवेल तितके चालणे, कोमट शेक आणि कामात अधूनमधून ताठ उभे राहणे हे उपाय उपयुक्त ठरतात. मात्र पाय बधिर वा कमजोर होणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे किंवा सोबत ताप येणे, ही लक्षणे आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.