दोन डबे आणि एक खर्ज

मंडळी, रेडिओवर गाणे लागले की मागे तानपुऱ्याचा खर्ज घुमत असतो, तो तुम्हाला ऐकू येतो ना? येतोच. पण गंमत अशी की तो त्या रेडिओत नसतो. काळी एक पट्टीतल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेला सेकंदाला सुमारे 69 आंदोलने होतात. तळहाताएवढ्या स्पीकरला एवढा खालचा स्वर काढताच येत नाही. त्यातून बाहेर पडतात ते खर्जाचे वरचे उपस्वर. त्या उपस्वरांवरून आपला मेंदू हिशेब करतो आणि खालचा स्वर स्वतःच्या पदरचा घालून मोकळा होतो. कवितेत कवीने गाळलेला शब्द चांगला वाचक भरून काढतो, तसेच हे.

आता मी मिरजेचा. आमच्याकडे तानपुरे बनतात. जवारी लावून झाली की कारागीर तार छेडतो, तेव्हा खर्ज नुसता कानाला ऐकू येत नाही, भोपळ्यावर टेकलेल्या हाताला कळतो. तो कळलेला खर्ज घरच्या यंत्रातून मिळावा, एवढ्यासाठी मी या तारांच्या जंजाळात शिरलो. शिक्षणाने मी बी. ए., विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा जे सांगतो ते वापरणाऱ्याचे बोल समजा.

आधी मोनोब्लॉक म्हणजे काय ते बघू. साध्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये डावी आणि उजवी बाजू एकाच पेटीत एकत्र कुटुंबासारख्या नांदतात. ट्रान्सफॉर्मर बहुधा एकच. डावीकडे पखवाजाची जोरदार थाप आली की तिने मोठा घास घेतला आणि उजवीच्या ताटात कमी पडले, असे होऊ शकते. शिवाय इकडचे थोडे तिकडे झिरपतेच. मोनोब्लॉक म्हणजे वेगळ्या चुली. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र पेटी, तिचा ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र. पेटी स्पीकरच्या शेजारीच ठेवता येते, म्हणजे स्पीकरची वायर हातभर पुरते. यात नवे काही नाही. इंग्लंडच्या क्वाड कंपनीचा 1953 सालचा क्वाड टू हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर एकाच वाहिनीचा, 15 वॉटचा होता, कारण तेव्हा तबकड्याच एका वाहिनीच्या असत. पाच वर्षांनी स्टिरिओ तबकड्या आल्या, तेव्हा लोकांनी शेजारी दुसरा आणून ठेवला. झाले मोनोब्लॉक!

माझे दोन डबे आमच्याच एका जुन्या रेडिओ मिस्त्रींनी जुळवून दिलेले आहेत. वाजतात छान. पण छोट्या खोलीत दोन डबे आणि एक चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर यांतला फरक, सब-वूफर दोन हात सरकवल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा कमीच भरेल, असे माझे मत आहे. ऐपत बेताची असेल तर आधी सब-वूफर घ्यावा.

सब-वूफर हा फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर. बहुतेकांत वर्धक आतच बसवलेला असतो. म्हणजे त्याला ताकद नको असते, फक्त काय वाजवायचे ते कळले पाहिजे. हा निरोप दोन वाटांनी देता येतो. पहिली वाट प्रीअ‍ॅम्प्लिफायरची. त्याला बाहेर जाणाऱ्या दोन जोड्या असतील तर एक जोडी मोनोब्लॉकना, दुसरी सब-वूफरला. एकच असेल तर दुफाटा पिन मिळते. दुसरी वाट म्हणजे मोनोब्लॉकच्या जिथे स्पीकरची वायर लागते, तिथूनच सब-वूफरला तार नेणे. अशी सोय असलेल्या काही सब-वूफरांना तीन तारा असतात. लाल उजव्या डब्याच्या धन टोकाला, पिवळी डाव्या डब्याच्या धन टोकाला, आणि काळी ऋण टोकाला. सब-वूफर इथून विजेचा जेमतेम थेंब घेतो, त्यामुळे डब्यांवर भार पडत नाही. कोणती वाट चांगली यावर शौकिनांत हातघाई होते. माझ्या कानांना दोन्ही सारख्याच.

पण ती काळी तार! डबे दोन, काळी तार एक. मग कुठल्या डब्याच्या ऋणाला? साध्या बांधणीच्या डब्यांची ऋण टोके प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या तारांतून आतून जोडलेलीच असतात, म्हणून कुठल्याही एकाला चालते. काही अ‍ॅम्प्लिफायरांची मात्र दोन्ही टोके जिवंत असतात, ऋण टोक नुसते नावाला ऋण. नव्या, हलक्या वजनाच्या डिजिटल म्हणवणाऱ्या डब्यांत हे बरेचदा दिसते. कोल्हापूरच्या माझ्या एका स्नेह्याकडे दुकानातल्या माणसाने काळी तार तशाच टोकाला लावून दिली. सुरू करताक्षणी लाल दिवा लागला आणि डबा मुका झाला. आतल्या संरक्षणाने वाचला, एवढेच. तिथे काळी तार डब्याच्या पत्र्याच्या स्क्रूला लावायची असते. तेव्हा सोबतचे माहितीपुस्तक वाचावे, आणि कुठलीही तार लावताना सगळे बटण बंद ठेवावे. दोन सब-वूफर घेणाऱ्याची ‘कुठल्या डब्याला’ एवढी कटकट मिटते. प्रत्येक डब्याला त्याचा सब-वूफर, लाल आणि पिवळी एकत्र धनाला.

आमच्याकडे तारा बरोबर लागल्या तरी एक नवा सूर घरात आला. हूंऽऽ. आपल्याकडच्या विजेची आंदोलने सेकंदाला 50. काळी एकच्या षड्जाला हा जवळपास अतिखर्जातला तीव्र मध्यम पडतो! डबे एका भिंतीच्या सॉकेटवर, सब-वूफर समोरच्या भिंतीवर. दोघांचे अर्थिंग वेगळ्या वाटेने जमिनीत जाते आणि सिग्नलच्या तारेतून त्यांची गाठ पडते. या वेढ्यातून किंचित वीज फिरते, तीच गुणगुणते. विकणाऱ्याने फोनवर उपाय सांगितला, ‘‘साहेब, प्लगची मोठी पिन काढून टाका, आवाज जाईल.’’

आवाज जातो, हे खरे आहे. त्याबरोबर आणखीही काही जाते. उद्या आतली एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर ती वीज जमिनीत नेणारी वाट म्हणजे ती तिसरी पिन. ती तोडली की पत्र्याच्या पेटीला हात लावणारा माणूस हीच वाट उरते. घरात लहान मुले आहेत. हा उपाय इतक्या सहज सांगितला जातो, याचा मला आजही राग येतो. मिस्त्रींनी डबे, सब-वूफर, प्रीअ‍ॅम्प्लिफायर सगळे एकाच चांगल्या तीन पिनांच्या बोर्डावर आणले, अर्थिंग तपासले. गुणगुण गेली.

राहिली खोली. माझी खोली आठ फूट रुंद. खर्जाच्या लाटेची लांबी सुमारे 16 फूट. म्हणजे दोन भिंतींमध्ये बरोबर अर्धी लाट मावते. अशा वेळी भिंतींपाशी तो स्वर फुगतो आणि मधोमध क्षीण होतो. स्टिरिओ ऐकायला तर नेमके मधोमध बसायचे! उपाय विनोदी आहे, पण खरा आहे. सब-वूफर आपल्या खुर्चीवर ठेवावा, तानपुरा लावावा आणि आपण रांगत खोलीभर फिरावे. जिथे खर्ज भरदार पण सपाट वाटेल तिथे सब-वूफर ठेवावा. मी रांगत होतो, तर बेगमना वाटले चष्मा हरवला. त्याही शोधू लागल्या. शेवटी तो खुर्चीच्या मागे स्थिरावला.

आवाज किती ठेवायचा? आमटीतल्या हिंगाइतका. आहे हे कळू नये, काढला की चुकल्यासारखे वाटावे. आणि नसलेला खर्ज तो निर्माण करत नाही. आमच्या मिरजेत चिरविश्रांती घेणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1905 च्या सुमाराच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन घेतलेल्या. तेव्हा खालचे स्वर तबकडीवर जवळजवळ उमटतच नसत. त्या लावल्या की सब-वूफर फक्त तबकडी फिरण्याची घरघर मोठी करतो. अशा वेळी मी तो बंद ठेवतो.

रात्री दहानंतरही बंदच. खालचे स्वर भिंतींना जुमानत नाहीत. शेजारच्या मावशींना गाणे ऐकू जात नाही, नुसते धुमधुम जाते. त्यांनी दोनदा सांगितले, तेव्हापासून मी सब-वूफरखाली जाड रबर घातले आहे. भिंतीतून जाणारी थरथर थोडी कमी झाली, असे त्या म्हणतात.