माळवदाचं घर बांधून घेताना

21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड आणि परभणी हे तिन्ही जिल्हे हादरले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, आखाडा बाळापूरच्या आसपास, तीव्रता 4.5. त्यानंतर नांदेडच्या प्रशासनाने लोकांना ज्या सूचना केल्या, त्यांत एक अगदी साधी होती: पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. जुनं घर मजबूत करण्याचं निम्मं शास्त्र या सूचनेत आहे. डोक्यावरचं वजन उतरवा; जे वर ठेवावंच लागतं, ते घट्ट आवळा. पत्र्याला दगडाऐवजी हुक लावून तो खालच्या पाइपाला आवळला, तर तो वाराही सोसतो आणि हादराही. दगडी भिंती आणि मातीचं माळवद असलेल्या घरालाही हाच हिशेब लागू आहे, काम तेवढं जास्त किचकट.

भिंत जाड म्हणजे घर पक्कं, असं मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललं. दोन फूट, तीन फूट, काही ठिकाणी त्याहूनही रुंद भिंती. मे महिन्यात लातूर-नांदेडचं ऊन अनुभवलेल्या माणसाला त्या जाडीचं सुख सांगायला नको. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात याच भिंतींनी घात केला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसं घरात झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 1992 मध्ये किल्लारीत धक्क्यांची मालिका होऊन गेली होती, तरी नकाशावरचा रंग तोच राहिला.

त्या भिंतीच्या पोटात काय असतं, ते पाहिलं की पुढचं सगळं समजतं. बाहेरून एकसंध दिसणारी भिंत खरं तर दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला दगडांचा एक पडदा, आतल्या अंगाला दुसरा, आणि मधल्या जागेत लहान धोंडे, कपच्या आणि माती यांची भर. दगड शेतातले, काळे, बरेचसे गोलसर, जोडायला चिखल. नेहमीचं वजन सरळ खाली उतरत असतं तोवर हे सगळं छान चालतं. जमीन आडवी हलायला लागली की मधली भर खाली दबत जाते आणि पाचरीसारखी दोन्ही पडद्यांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट सुटतं. आधी बाहेरचा पडदा गळून पडतो, मग आतला. कोपऱ्यात दोन भिंती नुसत्या शेजारी उभ्या असतात, एकमेकींत गुंतलेल्या नसतात. म्हणून त्या कोपऱ्यातच उघडतात. जाडी वाढवली की भर वाढते आणि वजन वाढतं, दोन पडद्यांची गाठ मात्र पडत नाही.

किल्लारीच्या परिसरात आणखी एक गोष्ट दिसली होती. जिथे माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांब आणि तुळयांवर पेललेलं होतं, तिथे काही घरांच्या भिंती ढासळूनही खणाचा सांगाडा उभा राहिला. जुन्या सुतारकामाचं हे श्रेय द्यायलाच हवं. अर्थात भिंत आतल्या बाजूला पडली, तर उभ्या सांगाड्याखालीही माणूस गाडला जातोच.

आता दुरुस्ती. सुरुवात वरून करायची. माळवद गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर नवी माती पडते, जुनी कुणी काढत नाही. त्यामुळे हा थर काही घरांवर दीड-दोन फुटांपर्यंत चढतो. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब खोलीवर अर्धा मीटर माती असेल, तर ती सहा घनमीटर होते. एका घनमीटरला दीड ते पावणेदोन टन धरले, तरी झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर दहा टनांच्या आसपास ओझं झालं. थर वीस सेंटिमीटरवर आणला की ते चार टनांवर येतं. शिवाय हादऱ्याचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणजे भिंतींवरचा ताणही उतरतो. गळती थांबवायला मातीखाली जाड प्लास्टिक अंथरता येतं. खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फायदा या कामात आहे आणि ते घरच्या माणसांनी, खोरं-टोपलं घेऊन, करण्यासारखं आहे. माती मात्र दोन्ही बाजूंनी सारखी उतरवायची; एकीकडे ढीग आणि दुसरीकडे रिकामं, असं झालं तर तुळया कलतात.

नंतर येतो सगळ्यांत नाजूक भाग: दोन पडद्यांची गाठ. नव्या बांधकामात यासाठी भिंतीच्या पूर्ण रुंदीचा आरपार दगड घालतात. भारतीय मानकाप्रमाणे तो उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत फार तर 1.2 मीटरवर हवा. उभ्या भिंतीत असा अखंड दगड घुसवता येत नाही, म्हणून तिथे काँक्रीटचाच दगड ओततात. आधी गिलावा खरवडून दगड उघडे करायचे आणि सुमारे मीटरभर अंतराने जागा हेरायच्या. वरच्या ओळीतल्या जागा खालच्यांच्या बरोबर डोक्यावर नकोत, मधोमध हव्यात. निवडलेल्या दगडाभोवतीची माती सळईने मोकळी करायची, लहान पहारेने तो हळूहळू हलवत बाहेर काढायचा. घण मारायचा नाही. मराठवाड्यातल्या गवंड्याचा हात घणावर फार लवकर जातो; इथे एका घावाने शेजारचे चार दगड सुटतात. मग मधली भर हाताने काढत पलीकडच्या पडद्यापर्यंत पोचायचं आणि तिथलाही एक दगड काढायचा. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद ठेवायचं, म्हणजे काँक्रीट आपोआप अडकून बसतं. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असा माल निम्म्यापर्यंत भरायचा, त्यावर दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि उरलेलं भोक ठासून भरायचं. किमान दहा दिवस दोन्ही बाजूंनी पाणी मारायचं. टँकरच्या गावात हे दहा दिवस कसे काढायचे, हा प्रश्न खरा आहे. म्हणून काम पावसाळ्यानंतर लगेच, विहिरीला पाणी असताना धरावं.

भिंतीला आधीच पोट सुटलं असेल, तर तेवढा भाग टेकू देऊन उतरवावा आणि आरपार दगड घालून पुन्हा रचावा. फुगलेल्या भिंतीवर गिलावा चढवणं म्हणजे पैसे घालून धोका झाकणं.

पडदे जोडले, आता चार भिंती एकमेकींना जोडायच्या. छपराच्या खाली किंवा दारा-खिडक्यांच्या वर, घराला सगळीकडून वेढणारा फूटभर रुंद पट्टा आखायचा. तिथला गिलावा काढून दगडांमधल्या सांधी खोल खरवडायच्या, वेल्ड केलेली जस्ती जाळी लांब खिळ्यांनी ठोकायची आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा दोन हातांत चढवायचा. जाळी कोपऱ्यावर तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीवर न्यायची. दोन तुकडे जोडावे लागले तर फूटभर एकमेकांवर चढवायचे. कोपऱ्यावर जाळी तुटली तर सगळा पट्टा वाया गेला. कोपऱ्यांना आणि दाराच्या दोन्ही कडांना असेच उभे पट्टे द्यायचे. कोपऱ्याजवळची देवळी मोह आवरून बुजवून टाकावी.

लाकडी सांगाडा असेल, तर खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे टेकू ठोकायचे. चौकट आडवी हलते तेव्हा तिचा चौकोन तिरका होऊ पाहतो. टेकू तिथे त्रिकोण तयार करतो आणि त्रिकोणाचा आकार सहजी बदलत नाही. वाळवीने पोखरलेल्या खांबाला टेकू देऊन काही साधत नाही, तो खांबच बदलावा.

हे सारं करूनही मोठ्या धक्क्यात भिंतींना तडे जातील. घर काही क्षण तग धरेल, माणसं अंगणात येतील, इतकीच या कामाची हमी.

ही पद्धत मराठवाड्याला नवी नाही. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात 52 गावं नव्या जागी वसली. पण आकड्याने मोठं काम दुसरं होतं: सुमारे दोन लाख घरांची जागेवरच दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि मजबुतीकरण. गावातल्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या, त्यांनी हप्ते, साहित्य आणि गवंड्याचं काम यांवर लक्ष ठेवलं. तरीही मिळालेल्या पैशात बहुतेकांनी जुन्या भिंती बांधून घेतल्या नाहीत. शेजारी पट्ट्यांची एक नवी खोली उठवली. त्यांना दोष देणं सोपं आहे. ज्या दगडाखाली माणसं गेली, त्याच दगडावर पुन्हा विश्वास ठेवा, असं सांगायला गेलेल्या अभियंत्याची अवस्था काय झाली असेल? शिवाय नवी खोली दिसते. भिंतीच्या पोटात ओतलेलं काँक्रीट गिलाव्याखाली झाकलं जातं. पाहुण्याला दाखवता येत नाही, सोयरिकीच्या वेळी मोजलं जात नाही. पण नव्या खोलीमागचं जुनं माळवद मोकळं राहिलं नाही. तिथे धान्य आलं, गुरं आली, आणि उन्हाळ्यात दुपारच्या गारव्याला म्हातारी माणसंही.

अशा घरात सगळं एकदम करायची ऐपत नसेल, तर आधी माळवदाची माती उतरवावी, मग माणसं झोपतात त्या खोलीच्या भिंतींत काँक्रीटचे आरपार दगड ओतावेत, आणि जाळीचा पट्टा पुढच्या सुगीनंतर चढवावा. हा पट्टा मात्र एका खोलीपुरता थांबवायचा नाही, त्या भिंती जिथवर जातात तिथवर न्यायचा.