एकाच पत्र्यातून 12 सर्कल जास्त!

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याला हिंदाल्कोच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचा पत्रा लाटला जातो. पत्रा असो, प्लायवूड असो की कापड, कापणाऱ्यापुढे पहिला प्रश्न एकच: तुकडे कसे मांडले तर कमीत कमी माल वाया जाईल? पैसे अख्ख्या शीटचे मोजलेले असतात, भंगारात जाणाऱ्या पट्टीचेसुद्धा. ऐकायला साधा वाटणारा हा प्रश्न भल्याभल्या गणितज्ञांना आजही दमवतो.

गंमत गोलापासून सुरू करू. भांडी आणि डब्यांची झाकणं बनवायला पत्र्यातून आधी गोल सर्कल कापतात. 8 बाय 4 फुटांच्या शीटवर 6 इंची सर्कल सरळ रांगांत मांडली, तर 16 गुणिले 8, म्हणजे 128 बसतात. आता एकाआड एक रांग अर्ध्या सर्कलनं सरकवा. प्रत्येक गोल वरच्या दोन गोलांमधल्या खाचेत जातो, रांगा 8 च्या 9 होतात आणि सर्कल निघतात 140! मधमाशीच्या पोळ्यातली मांडणी ती हीच. पण लगेच तोच नियम धरू नका. 1 फुटाची सर्कल सरळ रांगांत 32 बसतात; लांबीच्या रांगा सरकवल्या तर 30 च, आणि रुंदीच्या सरकवल्या तर पुन्हा 32. कडेला जाणारी अर्ध्या सर्कलची जागा मोठ्या गोलांना परवडत नाही. म्हणून माप बदललं की कागदावर पुन्हा आखायचं.

करवतही आपला वाटा खाते. 1220 मिलिमीटर रुंदीच्या प्लायवूडमधून 305 च्या 4 पट्ट्या हिशोबानं बरोबर निघतात. पण पातं 3 मिलिमीटरचं असेल, तर 3 कापांत 9 मिलिमीटरचा भुसा होतो आणि शेवटची पट्टी 296 चीच हाती येते. नव्या कपाटाचा शेवटचा कप्पा आखूड पडतो तो असा.

आता प्लायवूडची सगळ्यात भारी गोष्ट. 1930 च्या दशकाच्या अखेरीस लेनिनग्राडमधल्या प्लायवूड उद्योगानं लिओनिद कांटोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारलं: वेगवेगळ्या यंत्रांवर लाकूड कसं वाटलं तर उत्पादन सर्वाधिक होईल? त्याचं उत्तर 1939 मध्ये छापून आलं. त्यातून ‘लिनिअर प्रोग्रॅमिंग’ या गणिताचा पाया घातला गेला. माल कमी वाया घालवून कसा कापावा, याचाही विचार त्यात होता. पुढे 1951 मध्ये त्यानं झालगालर या गणितज्ञासोबत केवळ कापणीच्या हिशोबावर अख्खं पुस्तक लिहिलं. 1975 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कूपमान्स या अर्थशास्त्रज्ञासोबत विभागून.

पॅनेल सॉ या प्लायवूड कापायच्या यंत्रावर काप एका कडेपासून थेट दुसऱ्या कडेपर्यंतच जातो. मधल्या छोट्या चौकोनाभोवती चार लांबट तुकडे भिंगरीसारखे बसवले, तर माल तसूभरही वाया जात नाही. पण असा एकही आरपार काप सापडत नाही जो कुठला तुकडा मोडणार नाही. लेझरला ती अडचण नाही.

प्रत्येकी 1 बाजूचे 17 चौरस एका मोठ्या चौरसात बसवायचे असतील, तर मोठ्याची बाजू निदान किती हवी? सरळ मांडले तर 5. जॉन बिडवेलनं 1998 मध्ये काही चौरस वेडेवाकडे तिरके करून ती सुमारे 4.675 वर आणली. याहून चांगली मांडणी नाहीच, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

मखमल कापताना सगळे तुकडे एकाच दिशेनं ठेवावे लागतात, नाहीतर रंग दोन छटांचा दिसतो. रेषांच्या सनमायकाचंही तेच. फिरवायची मुभा गेली की वाया जाणारा माल वाढतो. यात नऊवारी मात्र अजिंक्य: मागावरून उतरते तशीच नेसायची, कातरीला कामच नाही!

अॅल्युमिनियमला एक सवलत आहे. सर्कल काढून उरलेली जाळी वितळवून पुन्हा धातू करायला, खनिजापासून नवा धातू काढण्याच्या मानानं सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. प्लायवूडचा तुकडा पुन्हा शीट होत नाही. तेव्हा घरात सुतारकाम काढाल, तर करवत चालण्याआधी सगळे भाग कागदावर शीटच्या मापात आखून मागा. मोठे भाग आधी बसवा, आणि उरेल ते चार अरुंद पट्ट्यांत नको, एका सलग तुकड्यात उरू द्या. त्यातून एखादा पाट तरी होईल.