पास हातात, जागा खिडकीवर

जपान रेल पास हातात आला म्हणजे गाडीत चढायचा हक्क मिळाला. ठरलेली जागा हवी असेल तर ती वेगळी मागून घ्यावी लागते. तिचे पैसे पडत नाहीत, त्यामुळे बरेच प्रवासी तिचा फारसा विचार करत नाहीत. मला मात्र जागेच्या त्या छोट्या चिठ्ठीचं मोल फार वाटतं.

क्योतो स्टेशनात ‘मिदोरी नो मादोगुची’ ही हिरव्या पाटीची आरक्षण कचेरी आहे. तिथल्या रांगेत उभी राहून मी खिडकीवरचं काम निरखत होते. तारीख, गाडीचं नाव, नंबर आणि कुठून कुठे एवढं कागदावर लिहून दिलं की भाषा आड येत नाही. खिडकीवरच्या बाईंनी माझा पास घेऊन त्यावरची मुदत पाहिली आणि मग गाडीची वेळ, डबा, जागा असं एकेकावर बोट ठेवत दाखवलं. प्रत्येक वेळी माझी मान हलेपर्यंत त्या थांबत होत्या. घाई नव्हती आणि रांगही तुंबली नव्हती.

“फुजी?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, तर ‘ई’ची जागा निघाली. शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन आसनं असतात. फुजी पर्वत दिसतो तो दोनांच्या बाजूनं. टोकियोकडे जाताना तो डावीकडे येतो, क्योतोकडे येताना उजवीकडे, पण अक्षर तेच राहतं, कारण शेवटच्या स्टेशनावर गाडी वळवत नाहीत, आसनं फिरवतात. आभाळ मोकळं असेल तर शिन-फुजी स्टेशनाच्या आसपास डोंगर अख्खा खिडकीत मावतो.

माझी गाडी होती ‘हिकारी’. या मार्गावरची सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ नुसत्या पासावर चालत नाही. ऑक्टोबर २०२३पासून जादा पैसे भरून तिच्यात बसता येतं. त्याच महिन्यात सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. एवढे पैसे मोजल्यावर उभ्यानं प्रवास कशाला करायचा? हिकारीत बिनआरक्षित डबे असतात हे खरं, पण उत्तरेकडच्या ‘हायाबुसा’त ते मुळीच नसतात. सामानाचंही आधी बघावं. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेलेली बॅग असेल, तर टोकियो-क्योतोच्या या तोकाइदो मार्गावर डब्यातल्या शेवटच्या रांगेतलं आसन मागच्या सामानाच्या जागेसकट आरक्षित करावं लागतं.

आरक्षणाचं काम यंत्रावर सोपवण्याआधी जागांच्या वह्या गोल फिरत्या मांडणीवर ठेवलेल्या असत. फोन आला की कारकून फिरत्या मांडणीतून नेमकी वही उचलून नोंद करत. १९६० साली ‘मार्स’ नावाची संगणक यंत्रणा आली, १९६५मध्ये हिरव्या खिडक्या उघडल्या. आता पासवाल्यांना स्टेशनातल्या यंत्रावरही जागा निवडता येते. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यानं एकदा तरी खिडकीवर जावं असं मला मनापासून वाटतं.

बेत बदलला तर जुनी जागा आधी परत करायची आणि मग नवी घ्यायची. जागा फुकट असल्यामुळे दोन-तीन गाड्यांत धरून ठेवायचा मोह होतो, तो टाळावाच. डब्यात शिरल्यावर कंडक्टर वाकून नमस्कार करतो, हातातल्या यंत्रात बघत पुढे सरकतो. कोणती जागा गेली आहे हे त्याला तिथेच दिसतं, त्यामुळे आपल्या जागी बसलेल्याला तो तिकीटही विचारत नाही. आपण धरून सोडून दिलेली जागासुद्धा त्या यंत्रात गेलेलीच दिसते, आणि खिडकीवर विचारणाऱ्या कुणाला तरी ती नाही म्हणून सांगितलेली असते.